लघवीची गोळी आणि ऊसतोडीचा हंगाम

आष्टी तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचे कोयते कारखान्यांकडं निघतात. त्या दिवसांत गटाच्या बैठकीत एक बोलणं हमखास निघतं: "बीपीच्या त्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं. फडात आडोसा नाही. म्हणून गोळीच बंद केली."

ही गोळी म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. अंगातलं जादा मीठ आणि पाणी ती लघवीवाटे बाहेर काढते, म्हणून बीपी उतरतं. सुरुवातीला लघवी जास्त होते, पुढं बहुतेकींना तो त्रास कमी होतो. गोळीचं काम मात्र चालूच राहतं. बीपी वाढलं तरी काही दुखत नाही, पण आतून नुकसान होतं. लकवा, हार्ट अटॅक, किडनी खराब होणं, हे त्यातूनच येतं. म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही.

मग करायचं काय? गावातून निघण्याआधी उपकेंद्रात बीपी मोजून घ्या. "आम्ही पहाटेच फडात जातो," असं सिस्टरना स्पष्ट सांगा आणि गोळीची वेळ विचारून घ्या. एरवी ती सकाळी घेतात. रात्री घेतली तर झोपमोड होते. पुरतील तेवढ्या गोळ्या मागा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

लघवीच्या भीतीनं पाणी तोडू नका. उन्हात पाणी कमी पडलं की भोवळ येते. अंथरुणावरून उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, ठेचा त्यातच धरा.

पायात गोळे येणं, फार अशक्तपणा, छातीत धडधड ही अंगातले क्षार कमी झाल्याची खूण असू शकते. लगेच दवाखाना गाठा, रक्त तपासा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मोळ्या वाहून अंग दुखलं म्हणून दुकानातली दुखण्याची गोळी रोज घेऊ नका. या गोळीसोबत ती किडनीला बाधते आणि बीपीही वाढवते. दिवस गेले असतील तर तेही आधी सांगा.

आणि आडोशाचं? ते एकटीनं मागून होत नाही. टोळीतल्या सगळ्या बायांनी मिळून उचल घेतानाच मुकादमाला सांगायचं: कोपीजवळ आणि फडाजवळ आडोसा पाहिजे. सोडायची ती लाज, गोळी नाही.

राम राम.