अकरा कोटींचा यष्टिरक्षक

आमच्या वलगावच्या पारावर एक वाद पुष्कळ दिवस रंगला: आयपीएल क्रिकेटमध्ये बंगळुरूच्या संघाने अमरावतीच्या जितेश शर्मा यांच्यासाठी मोजलेले अकरा कोटी रुपये जास्त झाले काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात बोली सात कोटींवर आली. बरोबरीची रक्कम देऊन आपला जुना गडी राखण्याचा हक्क पंजाबच्या संघास होता. तो हक्क तो बजावू पाहताच बंगळुरूने एकदम अकरा कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली. तेव्हा खरा वाद वरच्या चार कोटींचा. मागील हंगामात शर्मा यांच्या धावा अवघ्या १८७. आणि २०२२ साली पंजाबने त्यांस घेतले होते ते २० लाखांत!

पुढे २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध त्यांनी ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला. शेजारी म्हणाले, "मास्तर, पैसे फिटले!" मला हे गणित पटेना. त्याच सामन्यात सत्तावीस कोटींच्या ऋषभ पंत यांनी नाबाद ११८ धावा केल्या, तरी लखनौ हरलेच. एका उत्तरावरून का कोणी पेपर तपासतो?

सौदा तोलावा तो त्या दिवशीच्या गरजेवरून. दिनेश कार्तिक निवृत्त झाले होते; यष्टी राखून अखेरच्या षटकांत फटकेबाजी करणारे भारतीय गडी थोडे. जिल्ह्याचा अभिमान बाजूस ठेवून मी म्हणतो, नऊ कोटी रास्त, वरचे दोन हे निकडीचे व्याज. ३ जून २०२५ रोजी बंगळुरूने चषक जिंकला, तरी मी हा आकडा बदलला नाही.