जिवंत माणसांसाठी



तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं काकणभर जास्तच, कारण पदवीवर नाव तुमचं असलं तरी तिची फी, तिचे डबे आणि निकालाच्या आदल्या रात्रीची जागरणं त्यांच्या नावावर आहेत.

दीक्षान्त समारंभात पाहुण्याने देशाचं भवितव्य तुमच्या खांद्यावर ठेवायचं आणि चहा घेऊन निघायचं, असा रिवाज आहे. आज तुमच्या खांद्यावर आधीच गाउनचं ओझं आहे, त्यात मी भर घालत नाही. त्याऐवजी एका चित्रकर्तीबद्दल बोलतो. तिचं नाव मारिया लाई. इटलीच्या सार्डिनिया बेटावर 1919 साली ती जन्मली आणि 2013 साली त्याच बेटावर वारली. तिने रेखाटनं केली, रंगवलं, माग उभे केले, पाव भाजून त्यांची शिल्पं केली, सुईदोऱ्याने पुस्तकं शिवली आणि एकदा अख्खं गाव डोंगराला बांधलं. या शेवटच्या कामामुळे कलेच्या इतिहासात तिची जागा पक्की झाली. मला मात्र त्या कामाच्या आधी तिने दिलेला नकार जास्त मोलाचा वाटतो.

सार्डिनियात माणसं सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्याहून जास्त. या बेटाच्या पूर्वेकडच्या ओल्यास्त्रा भागात, चुनखडीच्या उभ्या कड्यांखाली उलास्साई नावाचं हजार-दीड हजार वस्तीचं गाव आहे. तेच मारियाबाईंचं गाव. 1979 साली गावच्या प्रमुखाला, आपण त्याला सरपंच म्हणू, युद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचं स्मारक उभारायचं होतं. गावची लेक रोममध्ये नाव कमावून होती, साठीला टेकली होती. तिला सोडून दुसऱ्या कोणाला विचारणार? काम मानाचं होतं आणि वादाचं नव्हतं. असल्या कामाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मारियाबाई नाही म्हणाल्या. मेलेल्यांसाठी स्मारक करण्यापेक्षा मला जिवंत माणसांसाठी काही करायचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्मारकाचं शिल्प त्यांना जमलं नसतं असं मुळीच नाही. त्या शिल्पकलाच शिकल्या होत्या, आणि तीही आर्तुरो मार्तिनी यांच्या हाताखाली. इथे थोडं मागे जायला हवं, कारण साठाव्या वर्षी दिलेल्या त्या नकाराची तयारी चाळीस वर्षं चालली होती.

वडील गुरांचे डॉक्टर. मुलगी तब्येतीने नाजूक, म्हणून डोंगरातला हिवाळा टाळण्यासाठी तिला खाली सपाटीवर, मूलबाळ नसलेल्या काका-काकूंकडे धाडत. बरोबरीची मुलं नाहीत, शाळा नाही. कोळसा हातात घेऊन ती घराच्या भिंतींवर रेघा ओढत बसे. आजी फाटक्या चादरी रफू करायची, तेव्हा चादरीवर उमटणारे टाके म्हणजे आजीने लिहिलेल्या गोष्टी आहेत असं समजून ही पोर त्या वाचून दाखवायची. पुढे काल्यारी शहरात शिकायला गेल्यावर साल्वातोरे काम्बोसू हे लेखक तिला शिक्षक म्हणून लाभले. शब्दाचा अर्थ कळण्याआधी त्याची लय ऐकावी, हे वळण त्यांनी लावलं. मारियाबाई आयुष्यभर त्यांना आपला पहिला गुरू मानत आल्या.

1939 साली ही मुलगी कला शिकायला रोमला गेली. मग युद्ध पेटलं. 1943 मध्ये ती व्हेनिसच्या कला अकादमीत मार्तिनींच्या शिल्पवर्गात दाखल झाली. वर्गात मुलगी ती एकटीच. मार्तिनी इटलीतले अव्वल शिल्पकार; पण त्याच सुमाराला शिल्पकला ही मृत भाषा आहे, असं प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली, ती 1945 साली निघाली. विचार करा, ज्यांच्याकडे विद्या घ्यायला समुद्र ओलांडून यावं, तेच गुरुजी सांगताहेत की ही विद्या संपली! तुमच्यापैकी काहींना आपल्या क्षेत्राबद्दल, नवी यंत्रं आल्यापासून, हेच ऐकावं लागतंय, याची मला कल्पना आहे.

युद्ध संपताना मारियाबाई बेटावर परतल्या आणि शाळेत मुलांना चित्रकला शिकवून पोट भरू लागल्या. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर पुन्हा रोमला गेल्या. 1957 साली इरेने ब्रिन यांच्या 'ओबेलिस्को' या नामांकित गॅलरीत त्यांच्या पेन्सिल-रेखाटनांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. रोममधल्या चांगल्या गॅलरीचं दार उघडलं होतं. शहाणा माणूस लगेच दुसऱ्या प्रदर्शनाच्या तयारीला लागला असता. मारियाबाईंनी उलट त्या वर्तुळातून अंग काढून घेतलं आणि जवळजवळ दहा वर्षं त्या प्रदर्शनांपासून लांब राहिल्या. या काळात त्यांचा स्नेह जुळला तो जुझेप्पे देस्सी या सार्डिनियन कादंबरीकाराशी. ज्या बेटावरून आपण निघून आलो, तिथल्या दंतकथा आणि मिथकं ही अडगळ नसून ऐवज आहे, हे देस्सींशी झालेल्या बोलण्यांतून त्यांना उमगत गेलं.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या पुन्हा कामाला लागल्या, तेव्हा पेन्सिलीची जागा लाकूड, कापड आणि दोऱ्याने घेतली होती. त्यांचे 'माग' पाहिले तर आधी बुचकळ्यात पडायला होतं. लाकडी चौकट आहे, ताणलेले उभे दोरे आहेत, मध्ये रंगवलेल्या कापडाचे तुकडे आहेत. आपल्याला वाटतं, आता यावर वीतभर कापड निघेल. पण या मागावर काहीच विणता येत नाही. ते बघायचं असतं. शिवलेल्या पुस्तकांचंही तसंच. कापडाच्या पानावर काळ्या दोऱ्याच्या ओळी अगदी वहीतल्या हस्ताक्षरासारख्या डावीकडून उजवीकडे धावतात, परिच्छेद पडतात, समास सोडलेला असतो. वाचायला जावं तर एकही अक्षर लागत नाही, आणि ओळ संपते तिथे दोऱ्याचं टोक पानाबाहेर लोंबत राहतं. आजीच्या चादरीवरचे टाके असे पुस्तकात आले. पिठाचंही तसंच झालं. सणावाराला आणि लग्नाला नक्षीदार पाव घडवायची बेटावरच्या बायकांची रीत होती. मारियाबाईंनी त्याच पिठातून शिल्पं घडवली. 1978 साली मिरेल्ला बेंतिवोल्यो यांनी व्हेनिस बिएनालेत स्त्री-कलावंतांचं जे प्रदर्शन मांडलं, त्यात त्यांचं काम होतं.

सरपंचाचा निरोप आला तो यानंतर. आता त्या नकाराचं वजन तुमच्या लक्षात येईल. ज्या बाईने दोरा आणि पीठ यांना भाषा केलं होतं, तिच्याकडे गाव दगडाचा ठोकळा मागत होतं.

नकार देऊन त्या रोमला जाऊन बसल्या असत्या, तर ही गोष्ट सांगण्याजोगी ठरली नसती. त्या गावात आल्या आणि माणसांशी बोलत राहिल्या. दीड वर्ष हे बोलणं चाललं. बोलता बोलता गावातली एक जुनी कथा वर आली. डोंगरातल्या मेंढपाळांना पाव पोचवायला एका लहान मुलीला पाठवलं होतं. वादळ आलं आणि सगळे गुहेत शिरले. मुलीला बाहेर वाऱ्यावर उडत जाणारी निळी फीत दिसली. ती तिच्या मागे धावत बाहेर आली, आणि गुहा कोसळली. मुलगी तेवढी वाचली. दरडींच्या सावलीत राहणाऱ्या गावाला ही कथा नुसती करमणूक नव्हती.

मारियाबाईंनी सुचवलं, निळी फीत घेऊ, घराला घर बांधू आणि शेवटी सगळं गाव डोंगराला बांधू.

गावकऱ्यांनी साफ हरकत घेतली. कारण आपल्याला समजावून सांगायला नको. भाऊबंदकी, बांधाचे वाद, तीन पिढ्यांचा अबोला, हे सगळं तिथेही होतं. ज्याचं तोंड बघत नाही त्याच्या घराशी माझं घर बांधणार? शिवाय हे खोटंच झालं असतं. वरवर गोडवा, फोटोपुरती एकी.

इथे मारियाबाईंमधला कलावंत दिसतो. लोकांची हरकत त्यांनी मोडून काढली नाही, ती कामातच घेतली. नियम ठरला. दोन घरांत वैर असेल, तर फीत भिंतीला लागून सरळ पुढे जाईल, गाठ मारायची नाही. सलोखा असेल तिथे गाठ. प्रेम असेल तिथे गाठीत पाव बांधायचा, सणाला करतात तसला नक्षीचा. म्हणजे कोणाचं कोणाशी कसं आहे, हे प्रत्येकाने आपल्या हाताने, सगळ्यांच्या देखत, दारावर सांगायचं.

गावातल्याच एका व्यापाऱ्याने निळं कापड दिलं. त्याच्या फिती कापायला म्हातारे, पोरंटोरं, बायाबापड्या सगळे बसले. फितींची लांबी भरली 27 किलोमीटर. तीन दिवस काम चाललं. 8 सप्टेंबर 1981 रोजी गल्ल्यांतून, खिडक्यांतून, छपरांवरून फीत फिरली. कुठे सरळ गेली, कुठे गाठ पडली, कुठे पाव लोंबू लागले. शेवटी गिर्यारोहकांनी तिचं टोक गावावरच्या जेदिली डोंगरावर नेऊन बांधलं. या कामाचं नाव 'डोंगराशी बांधून घेणं'. वाऱ्यापावसात फिती गेल्या. मागे उरली ती छायाचित्रं, तोनिनो कासुला यांनी केलेला चित्रपट आणि गावाची आठवण. प्रेक्षकांच्या सहभागातून, नात्यांतून घडणाऱ्या कलेला समीक्षकांनी नाव दिलं ते नव्वदीच्या दशकात. उलास्साईने ती आधीच करून दाखवली होती.

त्या तीन दिवसांनंतर गावाची भांडणं मिटली, असा दावा मी करणार नाही. फितीने भांडणं मिटत नाहीत. पण कुठे वैर आहे हे एकदा उजेडात, कोणाला न दुखवता सांगता आलं, हेही काही थोडं नव्हे. आपल्या गावांना, कार्यालयांना आणि कुटुंबांना असं सांगण्याची एखादी रीत असती, तर कोर्टाच्या कितीतरी पायऱ्या कोरड्या राहिल्या असत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. गावाने त्यानंतर मारियाबाईंना पुतळा मागितला नाही. सार्वजनिक धुण्याच्या जागेवर त्यांनी छताला माग टांगला. तिथेच कोस्तांतिनो निवोला या सार्डिनियात जन्मलेल्या शिल्पकाराचं कारंजं आहे. दरडी रोखण्यासाठी बांधलेल्या उतारावर त्यांनी काम केलं. गावातल्या 'सू मारमुरी' या विणकर बायकांच्या सहकारी संस्थेच्या मागावर त्यांच्या रेखाटनांतल्या शेळ्या उतरल्या. 2004 साली काल्यारी विद्यापीठाने त्यांना साहित्याची मानद पदवी दिली, तेव्हा त्यांनी वयाची चौऱ्याऐंशी वर्षं पार केली होती. तेव्हा आज कोणाच्या हातात पदवी दोन वर्षं उशिराने आली असेल, तर त्याने जिवाला लावून घेऊ नये. 2006 साली उलास्साईच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात त्यांच्या कामांचं संग्रहालय सुरू झालं, आणि गावाला त्यांनी आपली सुमारे दीडशे कामं देऊन टाकली. जगाला जाग आली ती त्यानंतर. 2017 साली, त्या जाऊन चार वर्षं झाल्यावर, व्हेनिस बिएनाले आणि डॉक्युमेंटा या दोन्ही मोठ्या प्रदर्शनांत त्यांची कामं एकाच वर्षी मांडली गेली.

आता तुमच्याविषयी. तुमच्यातले कोणी पूल बांधतील, कोणी खटले लढवतील, कोणी रुग्णालयात रात्रपाळी करतील, कोणी वर्गात खडू धरतील. या विद्यापीठाने तुम्हाला मागितलेलं काम चोख करायला शिकवलं आहे, आणि बाजारात त्याचाच पगार मिळतो. पण मागितलेलं काम आणि गरजेचं काम यांत कधीकधी अंतर असतं. ते ओळखणं हा शिक्षणाचा पुढचा भाग आहे, आणि त्याची परीक्षा कोणतंही विद्यापीठ घेत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, सर, पहिल्याच नोकरीत साहेबाला नाही म्हटलं तर घरी बसावं लागेल. खरं आहे. मारियाबाईंनीही विशी-पंचविशीत सरपंचांना नकार दिला नव्हता. तेव्हा त्या शाळेत मुलांना चित्रं काढायला शिकवत होत्या. नकाराला पत लागते, आणि पत कामाने येते. नकारानंतर दुसरं काही उभं करायची जबाबदारीही आपल्याच अंगावर येते, नाहीतर तो नुसता अहंकार ठरतो. त्यांनी नाही म्हटलं आणि पुढची दीड वर्षं त्या गावासाठी दिली, हे विसरू नका. आणि लोकांनी हरकत घेतली तेव्हा लोक अडाणी आहेत असं म्हणून त्या उठून गेल्या नाहीत. हरकतीत खरं किती आहे ते त्यांनी पाहिलं, आणि त्यामुळे काम सुधारलं. तुमच्या आराखड्यावर, अहवालावर, उपचारावर सामान्य माणूस शंका घेईल तेव्हा एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा मुलांनो, कामं मन लावून करा आणि पत मिळवा. मग कधीतरी तुमच्यापुढे असं काम येईल, जे सोपं असेल, मानाचं असेल, आणि कोणाच्याही उपयोगाचं नसेल. त्या दिवशी ते देणाऱ्याला नम्रपणे विचारा, हे कोणासाठी करायचं आहे? उत्तर पटलं नाही, तर नाही म्हणा. आणि नाही म्हटल्यावर तिथून उठून जाऊ नका, त्याच माणसांत बसून दुसरं काही उभं करा.