पाणी किती फुटांवर आहे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर आहे?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर पोचली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. पण ३९ फूट झाले म्हणजे आपल्या घरात कोणी काय करायचे, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ साली आले तेथवरच येईल, या भरवशावर पुष्कळ माणसे घरात राहिली. उशिरा निघणे किती महाग पडते, हे पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळने ८ ऑगस्टला पाहिले. माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली आणि कित्येक घरांत अंधार झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आलाच.

व्यवस्था नाही असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देश, राज्य आणि जिल्हा अशी प्राधिकरणे नेमली; जिल्ह्याची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सूचनाही येते. परंतु ती गल्लीच्या तोंडाशी थांबते; उंबरठ्याच्या आत नेणारे कोणी नेमलेले नसते. उलट, कोणत्या घरी आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, कोठे ओली बाळंतीण आहे, हे कचेरीला कसे कळावे? ते आपल्यालाच ठाऊक. साखळी वरून खाली जशी हवी, तशीच खालून वरही जुळायला हवी.

लग्नघरात पाणी कोणी भरायचे, पंगत कोणी वाढायची, हे आधी ठरते. मग पुराचेच काम ऐनवेळेवर का सोडावे?

म्हणून माझी विनंती एवढीच. बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या दारात पाणी येते, ते प्रत्येकीने भिंतीवर लिहून ठेवावे. मृग निघण्यापूर्वी दर गल्लीला दोघींनी आजारी, वृद्ध व गरोदर यांची यादी करून वॉर्डाच्या कचेरीत द्यावी. ३९ ला कागदपत्रे, औषधे बांधावीत आणि या मंडळींना आधी हलवावे. दारच्या आकड्याची वाट मात्र कोणीही पाहू नये.

नदी आपल्याला सांगूनच येते, भगिनींनो. ऐकणारे घर तेवढे तयार हवे.