एवढी सुई होऊ दे



विणत बसलेल्या बाईला कुणी हाक मारली की तिचं उत्तर ठरलेलं असतं. "एवढी सुई होऊ दे, आलेच!" डाव्या सुईवरचे सगळे टाके विणून उजव्या सुईवर आले, की एक सुई झाली. मधेच हात सोडला तर टाका गळतो, आणि गळलेला टाका खालपर्यंत उसवत जातो. म्हणून ओळ पुरी करायची आणि मगच उठायचं. दूध तापेपर्यंत, शाळेची रिक्षा येईपर्यंत, दवाखान्यात आपला नंबर लागेपर्यंत अशा दोन-चार सुया होतात. शिवायचं तर मशीन मांडावं लागतं, कापड पसरायला जागा लागते. भरतकामावरून नजर हलवता येत नाही. विणकाम मात्र पिशवीतून काढलं की सुरू आणि ठेवलं की बंद. घरातल्या बाईला सलग वेळ क्वचितच मिळतो, आणि हे काम तिच्याकडे सलग वेळ मागतच नाही. तिच्या दिवसात ते इतकं मुरलं, ते यामुळेच असं मला वाटतं.

शिवाय कान आणि तोंड मोकळं राहतं. आत्ता हे ऐकतानाही तुमच्यापैकी काहीजणींच्या हातात सुया असतील. त्यांना हेही ठाऊक असेल, की हात बसलेली बाई एका वेळी दोन कामं सुईवर ठेवते. एक साधं, एक सुई सुलट आणि एक सुई उलट, ते गप्पांचं काम. दुसरं जाळीचं नाहीतर वेणीच्या नक्षीचं. त्यात टाके मोजावे लागतात, म्हणून ते दुपारी घर सामसूम झाल्यावर. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात टोपरी आणि मोजे विणायचे, कारण तिथे कोपर हलवायला जागा नसते. स्वेटरची पाठ घरी. आज कुठे, कुणाबरोबर बसायचं आहे, त्यावर कुठली पिशवी उचलायची ते ठरतं.

मनात काय चाललंय तेही विणीत उतरतं. बॉर्डरला १२ नंबरच्या बारीक सुया, वरच्या भागाला १० नंबरच्या, टाके तेवढेच, लोकर तीच. तरी हात ताठ असला की वीण घट्ट होते आणि तेवढाच भाग अरुंद येतो. माझ्या आईनं वडिलांसाठी राखाडी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला होता. त्याच्या पाठीवर, मुंढ्याच्या जरा खाली, चार बोटं रुंदीचा पट्टा आवळलेला दिसतो. आजी तेव्हा इस्पितळात होती, आणि आई तिच्या उशाशी बसून विणत होती. पुढे कुणीतरी सुचवलं, तेवढा उसवून नीट करा. आईनं नाही केला. तो स्वेटर माझ्याकडे आहे. त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, की आईनं कधीही बोलून न दाखवलेली त्या दिवसांतली काळजी मला कळते.

उसवण्याचं सांगते. विणलेला कपडा म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत अडकवलेले फास. शेवटचं टोक सापडलं की अख्खा स्वेटर परत धागा होतो. दर दिवाळीनंतर आमच्याकडे धाकट्या भावाचा स्वेटर उसवला जायचा. शिवण सोडवून आई टोक काढून द्यायची. मी ओढायची, ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळायची. धागा कुरळा निघायचा. त्याची लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत टांगायची, म्हणजे सरळ होते. भाऊ वाढलेला, लोकर तेवढीच, मग नव्या रंगाचा एक गुंडा आणून छातीवर पट्टा घालायचा. पुढच्या वर्षी आणखी एक. चौथीत गेला तेव्हा त्याच्या स्वेटरवर किती रंग होते! काटकसर होतीच, पण त्या पट्ट्यांत त्याची उंचीही नोंदली जात होती, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

१९६२ साली चीननं आक्रमण केलं, तेव्हा हिमालयातल्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर, मोजे, मफलर विणले. आई तेव्हा नवी नवरी होती. ती सांगायची, माप कुणाचं घ्यायचं हाच प्रश्न होता. शेवटी तिनं वडिलांच्या छातीला फीत लावली आणि त्या मापानं कधी न पाहिलेल्या माणसाचा स्वेटर विणला.

आता लुधियानाचे तयार स्वेटर गल्लीच्या दुकानात मिळतात, आणि पुष्कळदा नुसत्या लोकरीलाच त्याहून जास्त पैसे पडतात. तरी बाळंतविडा मात्र अजून हातानंच विणावा असं वाटणाऱ्या बायका मी घरोघरी बघते. झबलं, टोपरं, पायमोजे. तीन महिन्यांत बाळाला ते होईनासं होतं आणि धुऊन, घडी घालून पुढच्या घरी जातं. त्यात झिजण्याइतकं काही वापरलंच जात नाही.

सध्या माझ्या सुईवर भाचीचा बाळंतविडा आहे. ती कॅनडात असते. इतक्या थंडीच्या गावी जायचा म्हणून मी जाड लोकर आणायला निघाले होते, तर तिचा फोन आला, "मावशी, घरात हीटर असतो गं, बाळाला लोकर टोचेल. सुती धाग्याचं कर, आणि मशीनमध्ये धुता येईल असं." सुती धागा लोकरीसारखा ताणला जात नाही, डोक्यातून काढताना बाळ रडेल. म्हणून गळा दोन टाके मोठा धरलाय आणि एका खांद्यावर बटणपट्टी घेतलीय. पाठ झाली, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलाय.