कातरणाचा कागद : आपल्या घरांना साजेसा एक उद्योग

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी घरच्या घरी हातकागद व लेखनसाहित्य तयार करण्याविषयी चार शब्द सांगण्याची मला आज्ञा केली आहे. शिंप्यांच्या मेळाव्यात कागदाचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु कागद आणि कापड ही सख्खी भावंडे आहेत. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सारा कागद चिंध्यांपासूनच होत असे. आपल्या कात्रीखालून जे खाली पडते आणि संध्याकाळी केरात जाते, तोच उत्तम कागदाचा कच्चा माल होय. तेव्हा हा विषय परका नाही; तो आपल्या दुकानाच्या फळीखालीच पडलेला आहे.

प्रथम आपल्या प्रांतातील परंपरा पाहू. जुन्नर, दौलताबादेजवळचे कागजीपुरा, खानदेशातील एरंडोल ही गावे एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होती. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, त्या काळात कागद करणारे कारागीर इकडे आले असे सांगतात. या कारागिरांना ‘कागदी’ हेच नाव पडले. ते मुख्यतः जुने दोर, गोणपाट, तागाचा टाकाऊ माल व रद्दी वापरीत. तो माल चुन्यात मुरवून, पायाने चालविण्याच्या ढेंकीखाली कुटून त्याचा लगदा करीत. पाण्याच्या हौदातून गवताच्या बारीक काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलीत. भिंतीवर चिकटवून वाळवीत. आणि शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद या परंपरेची साक्ष देतात. त्यांपैकी कित्येक कागद दोन-अडीचशे वर्षांचे आहेत, आणि काजळाच्या शाईची अक्षरे आजही वाचता येतात.

आता याच्या शेजारी आपल्या घरांतील साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वही ठेवून पाहावी. पान पिवळे पडलेले, कडा तपकिरी, आणि दुमडले तर तुकडा हातात येतो! असे का व्हावे? १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर नावाच्या गृहस्थाने लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती काढली. पुढे कागद स्वस्त झाला, शाळा वाढल्या, वर्तमानपत्रे घरोघर गेली. हा लाभ लहान नव्हे. परंतु दळलेल्या लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य राहते व ते उजेडाने पिवळे पडते. शिवाय शाई फुटू नये म्हणून राळ व तुरटी यांची खळ देत, तिच्यातून आम्ल उत्पन्न होऊन कागदाचे तंतू आतून तुटत जातात. अलीकडे आम्लरहित गिरणीचा कागदही निघतो, हे खरे; पण जे गेले ते गेले. आपल्या वडिलांच्या पिढीने लिहिलेली कुळांची टिपणे, लग्नांच्या याद्या, वर्गणीच्या वह्या यांपैकी पुष्कळ याच ठिसूळ कागदावर आहेत. कापसाचा तंतू मात्र जवळजवळ शुद्ध असतो. त्यात लिग्निन नसल्यासारखेच. म्हणून चिंध्यांचा कागद टिकतो.

या धंद्याला स्वातंत्र्याच्या चळवळीत नवे जीवन मिळाले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाचे काम सुरू झाले. पुण्यास श्री. के. बी. जोशी यांनी याच विषयाचा शास्त्रीय अभ्यास करून १९४० साली शिवाजीनगरात हातकागद संस्था उभी केली. आपल्या राज्यघटनेची जी हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुंदर अक्षरात लिहिली, तिचा कागद पुण्याच्या याच केंद्रातून गेला. ज्या कागदावर राष्ट्राने आपला करार लिहिला, तो हातकागद होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इतिहास इतका पुरे. आता घरी हे काम कसे करावे ते सांगतो. भगिनीवर्गाने विशेष लक्ष द्यावे, कारण यातील पुष्कळसे कसब त्यांच्या हाती अगोदरच आहे.

पहिली गोष्ट मालाची निवड. भिवंडीत मागांची संख्या लाखांनी मोजतात, तेव्हा कापडाला तोटा नाही. परंतु आजचे सर्व कापड सुती नाही. पॉलिएस्टरचा तंतू पाण्यात भिजून फुगत नाही, कुटला तरी एकमेकांस धरत नाही. तो मिसळला की ताव वाळल्यावर सुटतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवावे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. ज्या तुकड्याचा मणी झाला तो बाजूस टाकावा. पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती कातरण वेगळ्या पिशवीत ठेवावे. काजे, गुंड्या, हूक, कॅनव्हास काढून टाकावे.

दुसरी गोष्ट उकळणे. कोऱ्या मांजरपाटाला मागावर चढविताना खळ दिलेली असते, ती निघाली पाहिजे. एक किलो कातरणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे, दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. भांडे स्टीलचे असावे. अॅल्युमिनियमला सोडा खातो. मुलांना या वेळी जवळ येऊ देऊ नये.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कुटाई. येथे मी स्पष्ट बोलतो. स्वयंपाकघरातील मिक्सरने कापडाचा लगदा होतो अशी समजूत करून घेऊ नये. धागे पात्याभोवती गुंडाळतात, यंत्र तापते आणि जळते. कागद म्हणजे नुसते बारीक तुकडे नव्हेत. तंतू पाण्यात कुटला गेला म्हणजे त्याच्या अंगाला सूक्ष्म केस सुटतात, आणि ते केस एकमेकांत गुंतून ताव तयार होतो. हे काम पूर्वी ढेंकी करी. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये त्यासाठी फिरत्या रुळाचे यंत्र निघाले, त्यास आजही हॉलंडर बीटरच म्हणतात.

म्हणून घरगुती कामाचे दोन प्रकार समजावे. पहिला सरावाचा : मुलांच्या जुन्या वह्यांची एका बाजूस लिहिलेली पाने रात्रभर भिजवून, भरपूर पाण्यात थोडीथोडी मिक्सरमध्ये फिरवावी. हा कागद भेटपत्रे, पाकिटे, पिशव्या यांस उत्तम. दुसरा टिकाऊ : निव्वळ सुती लगद्याचा. त्यासाठी बीटर पाहिजे. तो एकेका घराला परवडणार नाही. त्याचा उपाय पुढे सांगतो.

लगदा तयार झाला की पुढची कृती दोन्ही प्रकारांत एकच. एका लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून साचा करावा, त्यावर त्याच मापाची मोकळी चौकट ठेवावी. पसरट टबात दहा लिटर पाण्याला कोरड्या वजनाने ५० ते १०० ग्रॅम लगदा पुरतो. साचा उभा घालून आडवा वर उचलावा आणि पाणी निथळत असता पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलकासा हलवावा. हे हलविणे विसरू नये. त्यानेच तंतू दोन्ही दिशांनी विणले जातात. मग ओल्या मांजरपाटावर ताव उलटा टेकवून साचा उचलावा. वर दुसरे मांजरपाट, त्यावर दुसरा ताव. पंधरा-वीस तावांची थप्पी झाली की दोन फळ्यांत घालून वजनाखाली दाबावी व ताव कापडासकट सावलीत दोरीवर वाळत घालावे. पावसाळ्यात आपल्याकडे ताव लवकर वाळत नाही व त्यावर बुरशी धरते. म्हणून काम दिवाळीनंतर काढावे आणि मृगापूर्वी आटोपावे.

असा कागद शाई फुटू देतो. लिहिण्यासाठी त्यास गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ किंवा सरसाचे पाणी देऊन पुन्हा वाळवावे, आणि गुळगुळीत दगडाने किंवा मोठ्या कवडीने घोटावे. तुरटी घालण्याचा मोह टाळावा. जुन्या वह्यांना जे झाले तेच आपल्या कागदाला होईल.

आता हिशेब. साधारण पत्राच्या आकाराचा, म्हणजे ए-४ मापाचा, १२० ग्रॅमी ताव साडेसात ग्रॅम भरतो. म्हणजे एक किलो लगद्यात सुमारे १३० ताव. सहा इंच बाय आठ इंचांचे, जाड २०० ग्रॅमी कागदाचे लग्नपत्रिकेचे पान सहा ग्रॅमांच्या आसपास होते. तीनशे पत्रिकांस दोन किलोहून कमी सुती माल लागेल. थोडी नासधूस धरली तरी अडीच किलो पुरे. एका बेताच्या शिलाईच्या दुकानातून इतके कातरण केरात जावयास किती दिवस लागतात, ते आपण मजपेक्षा चांगले जाणता.

परंतु या आकड्यांनी कोणी भुलू नये. गिरणीच्या कागदाशी रिमाच्या भावाने आपण कधीही स्पर्धा करू शकणार नाही. यंत्र जो कागद मैलाच्या हिशेबाने काढते, तो आपण तावाच्या हिशेबाने काढणार. कोरा ताव विकावयास गेलो तर मजुरीही सुटणार नाही. हातकागदाचे मोल त्याच्या वस्तूत आहे : पत्रिका, पाकीट, जलरंगाच्या चित्रांचा कागद, शिवलेली वही. आणि येथे शिंप्याचे घर इतरांहून दोन पावले पुढे आहे. चांगली वही चिकटवीत नाहीत, ती शिवतात. पानांचे लहान लहान जुडगे करून प्रत्येक जुडग्याच्या घडीतून सुई नेऊन ते एकमेकांस बांधावयाचे, यास बांधणीवाले जुजबंदी म्हणतात. धाग्याचा ताण, टाक्याचे सारखे अंतर, गाठ कोठे लपवावी, हे ज्या हातांनी आयुष्यभर केले त्यांना ते शिकवावयास किती वेळ लागणार? तयार कपड्यांच्या लाटेने ज्या घरांतील मशीन अर्धा दिवस झाकलेले असते, त्या घरांतील हे कसब वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून ज्ञातीपुढे तीन सूचना ठेवतो.

एक, आपल्या प्रत्येक दुकानात पांढऱ्या सुती कातरणाची पिशवी निराळी ठेवावी. याला पैसा लागत नाही, सवय लागते.

दोन, चार-पाच होतकरू मुलामुलींनी पुण्याच्या हातकागद संस्थेत जाऊन काम प्रत्यक्ष पाहावे, आणि त्यांचा सल्ला घेऊन ज्ञातीने एक लहान बीटर सामाईक घ्यावा. कुटाई एके ठिकाणी व्हावी. ताव उचलणे, घोटणे, कापणे, शिवणे घरोघर व्हावे. लगदा कोणत्या घरी किती गेला व वस्तू किती आल्या याची नोंद चोख राहिली, तर तक्रारीस जागा उरणार नाही. बीटरचे पाणी थेट गटारात न सोडता निवळून पुन्हा वापरावे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असणाऱ्या शहरात हे आपले कर्तव्यच आहे.

तीन, पहिले गिऱ्हाईक ज्ञातीने स्वतः व्हावे. दुसऱ्यांना माल खपवावयास निघण्यापूर्वी आपल्या घरच्या लग्नांच्या पत्रिका या कागदावर काढाव्या. सोनेरी प्लास्टिकने मढविलेल्या, पेटीएवढ्या पत्रिकांवर ऐपतीबाहेर खर्च होतो आणि आठ दिवसांत त्या रद्दीत जातात. त्यापेक्षा आपल्याच भगिनींच्या हातचा साधा कागद अधिक शोभेल, आणि तो पैसा घरच्याच चुलीला लागेल. आणि पत्रिकांहूनही आधी, ज्ञातीची नवी कुळनोंदवही सुती कागदाची करून घ्यावी व जीर्ण वह्यांतील नावे तिच्यात उतरून काढावी. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. वहीचे पान तुटले की त्यावरील नाव सांगणारे माणूस आज एखादे असेल. दहा वर्षांनी असेलच असे नाही.

संत नामदेवांच्या नावाने आपण ओळखले जातो. कात्री, सुई आणि गज यांत कमीपणा नाही, हे त्यांच्या चरित्राने आपणांस शिकविले. तुकडा जोडून वस्त्र करणे हा आपला पिढीजात धर्म. तोच तुकडा कुटून त्याचा कागद करणे हा त्याच धर्माचा विस्तार समजावा. पुढल्या संमेलनात उपस्थितांची नावे लिहावयाची वही आपल्याच घरी केलेली असावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.