पूर्वज कोणता शोधावा?

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावाला वाडवडिलांची आठवण होते. मूळ देऊळ कोणी बांधले, पहिली पूजा कोणाची, पालखीपुढे मान कोणाचा, असे प्रश्न निघतात. मग कोणी जुनी सनद काढतो, कोणी ऐकीव वंशावळ सांगतो. आणि बहुतेक वंशावळी वर चढत चढत एखाद्या राजापाशी, नाही तर सरदारापाशी जाऊन थांबतात. हा शोध वाईट नव्हे. ज्याला पणजोबाचे नाव ठाऊक आहे, तो पणतूचाही विचार करतो. परंतु थोर पूर्वज म्हणावे कोणाला, हे आधी ठरवावे. त्यासाठी दूर जावयास नको. परभणी जिल्ह्यातच दोन उदाहरणे आहेत.

पहिले पाथरीचे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, तो जन्माने ब्राह्मण, भैरवाचा मुलगा तिमाभट. विजयनगरवरील स्वारीत बहामनी फौजेने त्याला लहानपणी धरून नेले व तो मुसलमान झाला. त्याचे वाडवडील पाथरीचे कुलकर्णी. त्याच्या मुलाने १४९० साली स्वतंत्र राज्य स्थापिले. नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाणने तिच्या बदली दुसरा मुलूख देऊ केला. नकार आला, तेव्हा १५१८ साली त्याने पाथरी जिंकली आणि पुढे ती आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली.

सामान्य माणूस पूर्वजांत राजा शोधतो. येथे राजाने पूर्वजांत कुलकर्णी शोधला. आपले साधे मूळ त्याने लपविले नाही, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. परंतु वाडवडिलांच्या गावासाठी लढाई झाली, हेही विसरू नये. मानाच्या हट्टाची किंमत पुष्कळदा दुसऱ्यांनाच मोजावी लागते.

दुसरे उदाहरण गंगाखेडच्या संत जनाबाईंचे. गरीब घरची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास नामदेवांच्या घरी राहिली, असे परंपरा सांगते. तेथे दळणकांडण केले, शेणी वेचल्या. नामदेव स्वतः शिंपी. त्यांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी १९९९ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. जनाबाईंनी अभंगांत स्वतःला नामदेवांची दासीच म्हणवून घेतले. वतन नाही, सनद नाही, वंशही पुढे चालला नाही. तरी सुमारे सातशे वर्षांनंतर गंगाखेडचा माणूस परगावी आपल्या गावाची ओळख जनाबाईंच्याच नावाने देतो. मोठेपण कुळातून येते असे ज्यांना वाटते, त्यांनी गोदाकाठच्या या मंदिरात जाऊन यावे.

आता थोडे गणित. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजी-आजोबा. असे वर गेले तर दहाव्या पिढीत १,०२४ स्थाने येतात. नात्यातली लग्ने धरता माणसे त्याहून कमी भरतील. तरी वंशावळीच्या कागदावर त्या पिढीतले नाव येते ते एकाच पुरुषाचे. बाकीचे कोठे गेले? त्यांत नांगर धरणारे होते, मेंढ्या राखणारे होते, चाक फिरविणारे होते, आणि निम्म्या तर बायका होत्या. एका सरदाराचे नाव सांगावयाचे आणि या सर्वांना विसरावयाचे, याला पूर्वजांचा अभिमान कसे म्हणावे?

शोध घ्यावयाचा तर जरूर घ्यावा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गावे व पिढ्यांची नावे सापडतात. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता, म्हणून जुने दप्तर उर्दूत व मोडीत आहे. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील ही दप्तरे उघडली गेली. तेव्हा घरोघरी सरदार पणजोबाऐवजी नांगर धरणारा पणजोबा शोधला गेला. काळ बदलला की पूर्वजांची किंमत बदलते. पूर्वज मात्र होते तसेच असतात. म्हणून कागदात जे निघेल ते खरे मानावे. आवडीचे नाव वरून जोडू नये.

आज या देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे लागत आहेत. ज्यांनी रक्कम दिली त्यांचे गावावर ऋण आहे. त्याबरोबरच ज्यांनी गाडीभर वाळू आणली, उन्हात दगड उचलले, गवंड्यांना भाकरी थापून घातल्या, त्यांचीही नावे या स्मरणिकेत यावीत. आणि बाईचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने यावे. शंभर वर्षांनी एखादी पणती ही पाने उघडील आणि आपल्या घराचे कोणी देवाच्या कामी आले होते काय, हे पाहील. तिला ते नाव येथे सापडले पाहिजे.

रामकृष्ण हरी.