पाण्याचा दर कोणी ठरवावा?

(पाणी वापर संस्थांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, नागपूर)



 

आपल्या पाणी वापर संस्था नफ्यासाठी काढलेल्या नाहीत. धरणाचं पाणी मोजून घ्यायचं, सभासदाच्या बांधापर्यंत पोचवायचं, पाणीपट्टी गोळा करून शासनाचं देणं द्यायचं आणि उरलं तर चारीच्या दुरुस्तीला लावायचं, एवढाच आपला व्यवहार. अशा बिननफ्याच्या संस्थेच्या दरावर सरकारने नियंत्रण ठेवावं का, आणि ठेवलं तर कुठवर? माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. दर भरणाऱ्याला जिथे दर ठरवताना मत आहे, तिथे सरकारने हात मागे घ्यावा. जिथे त्याला मत नाही, तिथे पाणी देणारा नफा कमवो वा न कमवो, वर नियामक पाहिजेच.

2005 साली महाराष्ट्राने पाण्याबाबत दोन कायदे केले. एकाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. दुसऱ्याने सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती द्यायचं ठरवलं आणि आपल्या संस्थांना कायद्याचा भक्कम आधार मिळाला. त्याआधी पाण्याचा दर शासन ठरवी. मंत्रालयातून आदेश निघे आणि तो आपल्यापर्यंत वसुलीच्या नोटिशीतूनच पोचे. प्राधिकरण आल्यावर दराचा मसुदा आधी प्रसिद्ध होऊ लागला, त्यावर सुनावणी होऊ लागली आणि कारणांसह आदेश निघू लागला. धरणाच्या पाण्याच्या ठोक दराचा पहिला आदेश 2011 च्या मे महिन्यात आला. ही मोठी गोष्ट झाली, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. प्राधिकरणाच्या कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट केली: पाणीपट्टीतून प्रकल्पाचं व्यवस्थापन, प्रशासन, देखभाल आणि दुरुस्तीचा खर्च निघावा, असं लिहून ठेवलं. धरण बांधायला लागलेला पैसा शेतकऱ्याच्या डोक्यावर बसवलेला नाही.

पण त्याच कायद्यात असंही एक कलम आहे की, कायदा लागू झाल्यानंतर ज्याला दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली, त्याने शेतीच्या पाण्याला दीडपट दर भरावा. लोकसंख्येचा प्रश्न गंभीर असेल; पण त्याचा नहराच्या आवर्तनाशी काय संबंध? दर खर्चावरून ठरतो, हे तत्त्व मान्य करणाऱ्या कायद्यातच शेतकऱ्याच्या घरातली मुलं मोजली जातात, हा अन्याय आहे. तिसऱ्या मुलामुळे मायनरच्या, म्हणजे लघुवितरिकेच्या, देखभालीचा खर्च वाढत नाही. हे कलम रद्द झालंच पाहिजे.

आता जरा मायनरच्या मुखाशी जाऊ. आपलं बिल घनमीटरवर निघतं. हजार घनमीटरला अमुक इतके रुपये. खरिपात कमी, रब्बीत जास्त, उन्हाळ्यात सर्वांत जास्त. हे घनमीटर मोजतं कोण? मुखाशी बांधलेला फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायची पन्हळ, आणि त्याच्या भिंतीवरची सेंटिमीटरची पट्टी. पट्टीवरचा आकडा वाचायचा, तक्त्यात बघून प्रवाह काढायचा, तासांनी गुणायचा. पाण्याची उंची वाढते त्यापेक्षा प्रवाह जास्त वेगाने वाढतो, कारण उंचीचा दीड घात घ्यावा लागतो. 30 सेंटिमीटर उंचीच्या जागी 32 वाचलं गेलं, तर प्रवाह सुमारे 10 टक्के जास्त धरला जातो. फक्त दोन सेंटिमीटर! पट्टीवर शेवाळ चढलेलं असतं, रंग उडालेला असतो, खालच्या बाजूला गाळ साचून पाणी तुंबलेलं असतं. अशा वेळी खात्याचा माणूस एक आकडा लिहितो, संस्थेचा सचिव दुसरा. कुठे फ्ल्यूमच फुटलेला असतो आणि मग नोंदवहीत अंदाज भरला जातो. प्राधिकरण मुंबईत बसून पैशाच्या हिशेबात दर ठरवतं आणि इथे शेवाळाखाली त्यातले दहा टक्के इकडचे तिकडे होतात. म्हणून माझं म्हणणं आहे की दराच्या आदेशातच मोजमापाचीही अट असावी. फ्ल्यूम नादुरुस्त असेल आणि नोंदवहीवर दोघांच्या सह्या नसतील, तर त्या आवर्तनाचं बिल ठोक दराने काढू नये.

दुसरी गोष्ट हमीची. दराला सुनावणी आहे. पाण्याला कुठे आहे? अमरावतीच्या मंडळींना हे सांगायला नको. ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं, त्यावर शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती त्याच्याही मागे. लोकांनी आवाज उठवल्यावर 2011 मध्ये शेती पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आली. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून, कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचं हा अधिकार मंत्रिमंडळाने स्वतःकडे घेतला. म्हणजे पाण्याची किंमत प्राधिकरण ठरवणार, आणि पाणी मिळणार की नाही हे मंत्रिमंडळ. पेंच प्रकल्पातही आपण हे भोगलं. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झालं, पेंचच्या तोतलाडोह धरणाचा येवा आटला आणि 2019 च्या जुलैत नागपूर शहरालासुद्धा दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. शहराची ही गत, तर मौदा-रामटेकच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची काय असणार? धान गर्भात असताना एक पाळी चुकली की पीक गेलं. दर पूर्ण आणि पाळी अर्धी, हा करार कोणत्याच व्यापाऱ्याने मान्य केला नसता. कोटा कमी मिळाला तर दरही त्या प्रमाणात कमी व्हावा, आणि हे प्राधिकरणाने आदेशात आकड्यानिशी लिहावं.

इथवर आपण शासनाकडून काय मागायचं ते बोललो. आता आपल्याकडे पाहू. हा भाग बोलायला अवघड आहे, म्हणूनच तो जास्त वेळ घेऊन बोलतो.

मायनरच्या मुखापासून पुढे आपल्या सभासदाला काय दर लावायचा, हे संस्था ठरवते. हा अधिकार आपल्याकडेच राहावा, असं माझं ठाम मत आहे, कारण आपला सभासद सर्वसाधारण सभेत उठून विचारू शकतो. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी हेच करून दाखवलं. 1991 पासून एकेक संस्था उभी राहिली आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी घेतलं. नाल्यांत पाणी सोडून विहिरी भरायच्या आणि त्या विहिरींच्या पाण्यालाही आकार लावायचा, हे त्यांनी सभेत ठरवलं. असा नियम मंत्रालयातून लादला असता तर एकाही द्राक्षबागायतदाराने मानला नसता.

पण सभेत बसतं कोण? सभासदांची यादी सातबाऱ्यावरून तयार होते. भंडारा-गोंदियाकडे कितीतरी बांध्या ठेक्याने, बटईने कसल्या जातात. पाणीपट्टीचा भार शेवटी कसणाऱ्यावर पडतो आणि सभेला शेतमालक येतो, किंवा तोही येत नाही, कारण तो नागपुरात राहतो. शेतात पाणी धरायला रात्री जाणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच असतं.

आपल्या मामा तलावांचं उदाहरण घ्या. माजी मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात सुमारे सात हजार. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी ते बांधले, गावाने श्रम देऊन राखले आणि त्या बदल्यात पाण्यावरचा निस्तार हक्क, म्हणजे पैसे न देता पाणी वापरण्याचा हक्क, मिळवला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. ज्या पाण्यासाठी आजोबाने तलावाच्या पाळीवर कुदळ चालवली, त्याला पैसे का द्यायचे, असा प्रश्न शेतकऱ्यांनी केला. तो रास्त होता. पण श्रमाची पद्धतही मोडली, पाणीपट्टीही बसेना, आणि गाळ मात्र बसत गेला. आज त्याच तलावात ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्था ठेका भरून मासोळी सोडतात. धानाला पाणी पाहिजे म्हणून शेतकरी तळापर्यंत तलाव उपसतात तेव्हा ढिवरांचं वर्षाचं पोट जातं. शेतकऱ्यांची संस्था बिननफ्याची, लोकशाहीने चालणारी, सगळं खरं. पण त्या लोकशाहीत ढिवराला मत नाही. इथे सभासदांचा ठराव पुरेसा नाही. इथे बाहेरचा, दोघांचंही ऐकणारा कोणीतरी पाहिजे.

जमीन नसलेल्यालाही पाण्यात सामील करून घेता येतं. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीऐवजी माणसांवर ठरवला. भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला बंदी केली. 1972 च्या दुष्काळातून आलेला हा विचार आजच्या आपल्या संस्थांपेक्षा पुढचा आहे, असं मी मानतो.

दर भरणाऱ्याला मत आहे की नाही, हाच भेद बाहेरच्या जगातही दिसतो. कॅलिफोर्नियात फक्त आपल्या भागधारकांना, ना नफा तत्त्वावर पाणी देणाऱ्या परस्पर कंपन्या आहेत. भागधारक तोच ग्राहक, म्हणून तिथला राज्य आयोग त्यांचे दर ठरवत नाही. वेल्सच्या बहुतांश भागात 2001 पासून पाणीपुरवठा ग्लास कम्री या बिननफ्याच्या कंपनीकडे आहे. तिला भागधारकच नाहीत. उरलेला पैसा ग्राहकांसाठीच वापरला जातो. तरीही तिचे दर प्रत्येक पाच वर्षांनी ऑफवॉट हा नियामक तपासतो, कारण तिथल्या ग्राहकाला त्या कंपनीत मत नाही. कंपनीचा हेतू चांगला आहे एवढ्यावर तिथे कोणी थांबलं नाही.

आता या शहराकडे या. नागपूर महापालिकेने 2012 पासून 25 वर्षांसाठी पाणीपुरवठ्याचं काम खासगी भागीदाराकडे दिलं आहे. दर मात्र महापालिकेचे, आणि 2009 च्या उपविधींनुसार ते दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढतात. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात नागपूरकराने कोणत्या नगरसेवकाला जाब विचारायचा होता? अमरावतीत तर शहराला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. तिथे नळधारकाला निवडून दिलेला माणूस आधीपासूनच नाही. याउलट विजेचा दर वाढायचा असेल तर वीज नियामक आयोगापुढे याचिका येते, ग्राहक हरकत घेतो, आयोग उत्तर देतो. 1999 पासून ही रीत आहे. धरणाच्या पायथ्याशी पाण्याच्या ठोक दरालाही सुनावणी आहे. पण तेच पाणी शहराच्या नळापर्यंत आलं की सुनावणी संपते. बंधूंनो, शहराचा हा प्रश्न आपलाही आहे. शहर आपल्याच धरणातून पाणी घेतं. तिथली गळती झाकली गेली की पुढच्या वर्षी जास्त पाण्याची मागणी येते, आणि ती आपल्या वाट्यातून भागवली जाते.

म्हणून या परिषदेने मागणी करावी की नळाच्या पाण्याच्या दरालाही राज्य पातळीवर सुनावणी असावी आणि दराचा मसुदा मराठीत, वाचता येईल अशा मराठीत, निदान महिनाभर आधी प्रत्येक पंचायत समितीत मिळावा. ज्या संस्थेत दर भरणारा प्रत्येक माणूस सभासद आहे आणि जिचे हिशेब उघडे आहेत, तिच्या अंतर्गत दरात कोणी हात घालू नये. पण सभासद नसलेल्यांवर जिच्या निर्णयाचा बोजा पडतो, त्या संस्थेबद्दल ढिवराला, ठेक्याने कसणाऱ्या शेतकऱ्याला, नळधारकाला दाद मागण्याची जागा पाहिजे.

संध्याकाळच्या सत्रात हे ठराव तुमच्यापुढे येतील. शासनाकडे हिशेब मागण्याचा आपला हक्क आपल्या स्वतःच्या दप्तरावर उभा आहे. तेव्हा माझी प्रत्येक अध्यक्ष-सचिवाला विनंती आहे: गावी परतल्यावर आठ दिवसांच्या आत गेल्या हंगामाचा हिशेब, किती घनमीटर घेतलं, किती बिल आलं, कोणाकडे किती थकबाकी आहे, हे सगळं अध्यक्षांच्या स्वतःच्या थकबाकीसकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेला बटईदारांना आणि ढिवर संस्थेला बोलावणं धाडा.